स्वयंपाकघरातलं कुत्रं पळत नसतं

कुत्री पाळणाऱ्या घरात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक केस आणि दुसरे किस्से. केस निदान सतरंजीला चिकटतात. किस्से माणसांना चिकटतात, आणि मग ती माणसं बाजारात मला बघून तोंड फिरवून जातात. जाऊ देत. मी काय खोटं सांगत नाही.

आमचं घर आटपाडीच्या बाहेर, माळाला लागून. कारवानी कुत्री आमच्यात सासऱ्यांपासून. उंच, सडपातळ, लांब तोंडाची. पळायला लागली की पाय भुईला लागतात की नाही ते कळत नाही. मैना आमची कुत्री, तिची पिल्लं मीच वाढवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पिल्लाला काय शिकवायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. मैदानात वाऱ्यासारखं पळायचं आणि घरात माणसासारखं राहायचं. माणसासारखं म्हणजे चांगल्या माणसासारखं. हे आजकाल वेगळं सांगावं लागतं!

*

पिल्लं चालायला लागली की त्यांचा मुक्काम माझ्या स्वयंपाकघरात. कुकरची शिट्टी, हातातनं पडलेलं ताट, दारातला ट्रॅक्टर, आम्हा जावा-जावांची भांडणं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं पाहिजे. लहानपणी ऐकलेल्या आवाजाला कुत्रं मोठेपणी भीत नाही. म्हणून पिल्लांपुढं दूध-भाकरी ठेवली की मी शेजारी मिक्सर चालू करते. आता रोज रोज वाटायला काय आणायचं? रिकामाच फिरवते. आणि रिकामा मिक्सर लय किंचाळतो.

एक दिवस शेजारच्या पारूबाई पदराखाली वाटी लपवून आल्या. वाटीत शेंगदाणे.

"घे. कूट कर."

"कशाला हो पारूबाई?"

"माझ्यापासनं काय लपवतीस? रिकामं भांडं फिरवून किती दिस लोकांस्नी फसवशील? शेजारी माणूस असतंय कशाला?"

गल्लीत बोलणं झालं होतं, की आमच्या घरात दाणा उरला नाही आणि मी अब्रूसाठी मिक्सर फिरवते! मी त्यांना हाताला धरून आत नेलं, पिल्लं दाखवली, मिक्सर दाखवला, सगळं समजावलं.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "व्हय व्हय. कुत्र्यासाठीच. माझी सासूबी दुष्काळात असंच कायबाय सांगायची."

*

आमच्या भिंतीपलीकडं माझे धाकटे दीर राहतात. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. तात्यांनाही कुत्र्यांचंच वेड, पण उलट्या बाजूनं. त्यांचं म्हणणं, शर्यतीचं कुत्रं कुणाच्या नजरेला पडता कामा नये. एकदा नजर लागली की पाय गेले! म्हणून त्यांच्या परसात एक अंधारी खोली आहे. पिल्लू त्या खोलीत जातं आणि शर्यतीच्या दिवशीच बाहेर येतं. आत दूध, अंडी, बदाम सगळं पोचतं. माणूस तेवढा पोचत नाही.

तात्यांनी असा एक वाघ्या तयार केला. काय कुत्रं होतं म्हणून सांगू! छाती बघितली तर पैलवान लाजेल. शर्यतीला नेताना टेम्पोलासुद्धा चहूबाजूंनी ताडपत्री. मैदानात पोचल्यावर तात्यांनी ताडपत्री बाजूला केली. वाघ्यानं जन्मात पहिल्यांदा एवढी माणसं बघितली, भोंगा ऐकला, आणि तो पळाला. तात्यांचं म्हणणं खरं ठरलं, असला वेग कुणी बघितला नव्हता. फक्त तो दुसऱ्या दिशेला होता! ऊस तोडायला आलेल्या टोळीनं त्याला दुसऱ्या गावच्या फडातनं धरून आणलं.

संध्याकाळी तात्या ओट्यावर डोकं धरून बसले. "वैनी, कुणाची तरी नजर लागली बगा."

मी म्हणाले, "कुणाची लागंल भावजी? बिचाऱ्याला कुणी बघितलंच न्हाई!"

सुरेखा, म्हणजे तात्यांची बायको, पदर तोंडाला लावून आत पळाली. तात्या भडकले.

"हसा! पण ध्यानात ठेवा, स्वयंपाकघरातलं कुत्रं पळत नसतं. लाडानं कुत्रं मऊ पडतंय. तुमची ती शेवंता पाव्हण्यांस्नी पाणी तेवढं द्यायची राहिलीय!"

शेवंता म्हणजे मैनेची लेक, मी घरी ठेवून घेतलेली. तिच्यावर बोललेलं मला चालत नाही. मी पण तोंडाची फाटकी. म्हणाले, "येत्या जत्रंत शेवंता पळवते. पहिली आली तर मैनेचं पुढचं अख्खं वेत माझ्या स्वयंपाकघरात वाढंल, आणि तुमी त्या खोलीला कुलूप घालायचं."

"आणि न्हाई आली तर?"

"तर सगळी पिल्लं तुमची. तुमच्या खोलीत."

आमचे मालक तिथंच सुपारी कातरत होते. दोघांनीही त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "बरं." उभ्या संसारात त्यांनी दिलेला निकाल तेवढाच.

बोलून गेले खरी, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या खोलीतनं बाहेर आलेल्या पिल्लाचे डोळे मी बघितलेत. माणूस दिसलं की भिंतीला पाठ लावतं. मैना तेव्हा गाभण होती.

*

माझ्याकडनं पिल्लू न्यायचं तर एक अट आहे. अख्खं घर बघायला यायचं. मुलगी बघायला येतात तसं, पण इथं आम्ही पाहुण्यांना बघतो. ज्याला कुत्रं नको आहे तो माणूस तर आलाच पाहिजे, कारण शेवटी भाकरी तोच घालतो.

सांगलीहून एक कुटुंब आलं. आई, बाप आणि मुलगा. बाई मोबाईलात बघून बोलायच्या. "आम्हाला वेल सोशलाइज्ड पपी हवंय."

"म्हणजे माणसात वाढलेलं का?"

"हो, तेच."

"मग न्या. पण पुढं माणसातच ठेवा."

मला काय माहीत, त्यांच्या घरात माणसं होती पण माणसांचा आवाज नव्हता! मुलगा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेला. दारावरची बेल काढून ठेवलेली, टीव्हीवर चादर, कुकर शेजारणीच्या घरी लागायचा. नवरा-बायको भांडायचीसुद्धा मोबाईलवर लिहून! माझं कुकरच्या शिट्टीवर वाढलेलं पिल्लू त्या घरात आवाज विसरलं.

निकाल लागला. मुलगा पास. बापाला इतका आनंद, की त्यानं दारातच फटाक्यांची लांबलचक माळ लावली. थोड्या वेळानं मला फोन.

"काकू, पपी पलंगाखाली गेलंय. बाहेरच येत नाही."

"मुलाला हाक मारायला सांगा. त्याचं ऐकतं ते."

बाईंनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "तोही तिथंच आहे."

मी म्हणाले, "दोघांनाही घेऊन या. कुत्र्याचं महिन्याभरात जमंल. मुलाचं काय मी सांगत नाही!"

*

साताऱ्याकडच्या एका सुभेदारांनी पिल्लू नेलं. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं कुत्रंही फौजीच पाहिजे. सुभेदार पेन्शनीत निघाले पण आवाज नोकरीतच राहिला. पिल्लाला रोज पहाटे "सावधान", "विश्राम", आणि कवायत संपली की "विसर्जन!" विसर्जन म्हटलं की पिल्लानं सरळ घरी यायचं, तिथं दूध तयार.

पंधरा ऑगस्टला सुभेदार कुत्र्याला घेऊन शाळेत गेले. झेंडा झाला, गाणं झालं, मग पाहुणे बोलायला उठले. ते असे बोलायला लागले की झेंडासुद्धा कंटाळून खांबाला टेकला. ऊन डोक्यावर आलं. बारकी पोरं चक्कर येऊन बसायला लागली. पाहुणे म्हणाले, "आता मी मूळ मुद्द्याकडं वळतो."

सुभेदार तीन लढायांच्या आवाजात ओरडले, "विसर्जन!"

कुत्रं उठलं आणि घराकडं निघालं. त्याच्यामागं पहिलीचा वर्ग निघाला. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी हेडमास्तरही निघाले.

सरपंच रागानं सुभेदारांना म्हणाले, "आवं, असं कुठं असतंय का?"

सुभेदार म्हणाले, "मी माझ्या कुत्र्याला बोललो. बाकीचे का गेले ते तुमी बघा."

*

इकडं मी शेवंताला जत्रेसाठी तयार करत होते. सकाळी माळावर पळवायची आणि दिवसभर माणसात फिरवायची. बाजाराला नेली, लग्नाच्या वरातीत नेली, पिठाच्या गिरणीत बसवली. बँडवाल्यांच्या शेजारी तिला झोप लागायची!

तात्या भिंतीवरून बघायचे आणि म्हणायचे, "फिरवा! देवाच्या पालखीवानी फिरवा!" पण शेवंता जवळ आली की दोन पावलं मागं. "नगं. मी कुत्र्याला हात लावत नसतो. हात लावला की मऊ पडतंय." एवढं बोलून चहात बटर बुडवायचे. आमच्याकडं बटर म्हणजे ते गोल, खुसखुशीत, बेकरीचं. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात ते कायम असतं. डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली, तर तात्यांनी डॉक्टर सोडला, बटर नाही सोडलं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. शेवंता रोज दुपारी तासभर कुठंतरी जायची, आणि परत आली की मिशांना चुरा लागलेला. मला वाटलं पारूबाईच. मी त्यांना जाऊन बोलले, "माझ्या कुत्रीला खाऊ घालू नका. शर्यतीची हाय ती." पारूबाई म्हणाल्या, "तुझ्याच घरात दाणा न्हाई, तुला सोडून मी कुत्रीला घालीन व्हय?" 

*

विट्याच्या एका गृहस्थांचं सोनं गाळायचं दुकान आहे, पार तिकडं कोइमतूरला. गावच्या जत्रेला आले आणि पिल्लू घेऊन गेले. शिऱ्या त्याचं नाव. थोड्याच दिवसांत फोन.

"काकू, शिऱ्या ऐकतच न्हाई. शेजारी तमिळ बोलतात, गिऱ्हाईकं हिंदी बोलतात, त्याला काय कळंना झालंय. कुणी हाक मारली तरी कोपऱ्यात बसतोय."

मी म्हणाले, "फोन स्पीकरवर टाका आणि खाली ठेवा." मग मी माझ्या आवाजात सुरू केलं. "शिऱ्या! आरं मुडद्या, कुठं उलथलायस? ऊठ तिथनं! सुतक असल्यागत काय बसलायस? ये हिकडं! जेवलास का?"

शिऱ्या उठला, फोन चाटला आणि जेवला. त्या गृहस्थांनी माझा आवाज मोबाईलात भरून घेतला. रोज दोन वेळा दुकानात लावायचे.

महिन्यानं परत फोन. "काकू, आणखी जरा भरून पाठवा की. जरा मोठं."

"का? शिऱ्या परत ऐकंना झाला का?"

"शिऱ्या ब्येस हाय. पण गल्लीत कामाला आलेली सगळी आपल्याकडची पोरं जेवायच्या टायमाला दुकानात येऊन बसत्यात. एकजण रडलाच. म्हणला, लय दिसांनी कुणीतरी आईवानी शिव्या दिल्या. तेवढं त्यांची नावं घालून पाठवता का?"

*

माधवनगरला एका जैन घरी माझं पिल्लू आहे. माणसं सोन्यासारखी. दिवस मावळायच्या आत सगळ्या घराचं जेवण उरकतं, तसंच पिल्लाचंही. दूध-भाकरीवर असं तुकतुकीत झालंय की हात फिरवला तर घसरतो. शर्यतीतही पळतं, आणि घरी आजीच्या पायाशी, त्यांची जपाची माळ ओढून होईपर्यंत गप्प बसतं.

एकदा घरातला नातू त्याला घेऊन मित्रांच्या पार्टीला गेला. शेतात, दिवेलागणीनंतर. मित्रांनी पातेलं उघडलं, कुत्र्यापुढं मटणाच्या फोडी टाकल्या. कुत्र्यानं वास घेतला, आभाळाकडं बघितलं आणि तोंड फिरवून बसलं. कुणी बिस्कीट दिलं, तेही नाही. नातवाला काय वाटलं कुणास ठाऊक, तोही ताटावरून उठला. दोघं उपाशी घरी.

आजी मला सांगत होत्या, "संस्कार म्हणजे असे, बघा."

मी म्हणाले, "नातवावर चांगले संस्कार केलेत, आजी."

"नातवावर आमी लय केले, काय उपयोग झाला न्हाई. कुत्र्यावर केले, मग कुत्र्यानं त्याच्यावर केले!"

*

जत्रेचा दिवस उजाडला. मैनेला आठवड्याभरात पिल्लं व्हायची होती. पोट भुईला टेकलेलं. तिच्याकडं बघूनच मी शेवंताला टेम्पोत घातलं.

मैदानात ही गर्दी! पिपाण्या, हलगी, भोंगा, पाळण्याची घरघर. बाकीची कुत्री थरथरत होती, कुणी मालकाच्या मांड्यांत तोंड घालत होतं, एकानं तर मालकालाच चावा घेतला. आमची शेवंता हलगीवाल्याशेजारी पाय पसरून जांभया देत होती. लोक मला विचारायचे, "हिला औषध दिलंय का?" मी म्हणायचे, "व्हय. मिक्सर."

तात्या पांढरी टोपी घालून शेवटच्या रेषेशी जाऊन उभे राहिले. माझी हार जवळनं बघायची होती ना!

दोरीला बांधलेला चिंध्यांचा ससा मोटरनं ओढला गेला आणि कुत्री सुटली. काय सांगू तुम्हाला! अर्ध्या मैदानात शेवंता सगळ्यांच्या पुढं. पाऊण मैदानात तिच्या मागं नुसती धूळ. भोंग्यावरचा माणूस घसा फोडून ओरडत होता, "शेवंता! शेवंता! आटपाडीची शेवंता!" आमचे मालक उठून उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते कशासाठी तरी उठून उभे राहिलेले मी बघितले. रेषा आली, हाताच्या अंतरावर आली...

आणि शेवंता वळली.

सशाला सोडून, रेषेला सोडून ती सरळ तात्यांच्या अंगावर गेली. पुढचे दोन्ही पाय त्यांच्या छातीवर, आणि तोंड खिशात.

"आगं पळ! पळ की बये!" तात्या ओरडले. "हितं न्हाई! घरी! घरी देतो म्हणलं न्हवं रोजच्यागत? जा! जा माझे बाय!"

सगळं मैदान ऐकत होतं. शेवंतानं खिशातनं बटर काढलं आणि तिथंच बसून खायला लागली. बाकीची कुत्री एकेक करून रेषेपलीकडं गेली.

भोंगा खरखरला. मग आवाज आला, "मंडळी, एक नंबरचं कुत्रं चहाला थांबलेलं आहे!"

*

आम्ही टेम्पोतनं परत निघालो. तात्या टोपी मांडीवर ठेवून बाहेर बघत होते. शेवंता पहिली आली नव्हती. शब्द म्हणजे शब्द.

मैनेला पिल्लं झाली. अंगावर पीत होती तोवर आईजवळ ठेवली. मग एक दिवस पाटीत घालून पलीकडं नेली. तात्या दारातच उभे होते.

"दिली बरं का भावजी," मी म्हणाले. "तुमची हायती."

तात्यांनी पाटी हातातनं घेतली. "माझ्या पद्धतीनं वाढवणार. कुणी मधी नाक खुपसायचं न्हाई. आधीच सांगतो."

"न्हाई खुपसत."

घरी आले आणि मैनेजवळ जाऊन बसले. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मीही त्याच भिंतीकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापत होते, तर भिंतीपलीकडनं किंचाळल्यागत आवाज आला. मैनेनं कान उभे केले. मी हात तसाच पिठाचा घेऊन परसात गेले. सुरेखा भिंतीशी धुणं वाळत घालत होती, म्हणजे आत ती नव्हती.

"सुरेखा, काय वाटायला लागलेत गं भावजी?"

"काय न्हाई, आक्का," ती म्हणाली. "रिकामाच हाय."

शेजारच्या दाराची कडी वाजली म्हणून मी वळून बघितलं. पारूबाई होत्या. आमच्या दाराकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. पदराखाली वाटी धरून त्या तात्यांच्या घराकडं निघाल्या होत्या.